आपल्या वाचनखुणा, आपलं जाळं: पीअर-टू-पीअरची पहिली पायरी

आमच्या वाचनगटात सहा जण आहेत. सगळे परळ, लालबाग, काळाचौकी या पट्ट्यात वाढलेले किंवा अजून तिथेच राहणारे. गिरणगावाबद्दल जे सापडेल ते वाचायचं आणि एकमेकांना द्यायचं, एवढाच आमचा उद्योग. १९८२ च्या संपावरचा जुना लेख, पाडण्याआधी कुणी काढलेला चिमणीचा फोटो, आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन करून चढवलेलं पुस्तक, विश्वकोशातली एखादी नोंद. हे सगळे दुवे आम्ही वाचनखुणा (बुकमार्क) साठवणाऱ्या एका वेबसेवेवर ठेवत होतो. चार वर्षांत नऊशेच्या आसपास दुवे जमले आणि बहुतेक प्रत्येकाखाली दोन ओळींची टीप होती. मग त्या सेवेचा ईमेल आला की अमुक तारखेला आम्ही बंद करतोय, आपापला माल काढून घ्या. तो ईमेल स्पॅममध्ये गेला आणि माझ्या नजरेला पडेपर्यंत तारीख उलटून गेली होती. दुवे पुन्हा शोधता येतात, टिपा गेल्या त्या गेल्याच. त्यांतल्या कितीतरी टिपा आमच्यातल्या एका काकांच्या होत्या. ते स्वतः गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, काम केलेले. आज ते हयात नाहीत.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडली. गट वाढावा म्हणून आम्ही फोनवर मोठा ग्रुप काढला. ग्रुप म्हटला की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. महिन्याभरात आमच्यातल्या एका ताईंना अनोळखी माणसाचे रात्री-अपरात्री फोन यायला लागले. त्यांनी ग्रुप सोडला, काही दिवसांनी नंबरही बदलला. वाचनाची आवड असलेल्या बाईला पुस्तकांवर बोलण्यासाठी स्वतःचा फोन नंबर पंचवीस अनोळखी लोकांच्या हाती द्यावा लागतो, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

या दोन अनुभवांनंतर आम्ही पीअर-टू-पीअरकडे वळलो. त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्यात एकही संगणक अभियंता नाही. एक निवृत्त शिक्षक, दोन गृहिणी, बँकेत नोकरी करणारा एक जण, एक कॉलेजची मुलगी आणि मी. आम्हाला जमलं त्या क्रमाने इथे सांगते.

कल्पना आधी समजून घ्या

नेहमीच्या सोशल नेटवर्कमध्ये तुमचं बोलणं आधी कंपनीच्या संगणकावर जातं आणि तिथून मित्राकडे. मधल्या त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तुमची ओळख, मित्रांची यादी, जुने फोटो सगळं तिथेच राहतं, आणि मालकाने दुकान बंद केलं की आपणही बाहेर. हे वारंवार झालंय. गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं, ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये. वाचनखुणा वाटून घ्यायची सवय जगाला लावणारं डिलिशस २००३ मध्ये सुरू झालं, २००५ मध्ये याहूने घेतलं, मग हातोहात विकलं गेलं आणि २०१७ मध्ये फक्त पाहण्यापुरतं उरलं. लेख नंतर वाचायला साठवणारं पॉकेट जुलै २०२५ मध्ये थांबलं. यांतलं एकही वाईट नव्हतं. फक्त ते आपलं नव्हतं.

पीअर-टू-पीअरमध्ये मधला सर्व्हर नसतो. तुमचा लॅपटॉप थेट मित्राच्या लॅपटॉपशी बोलतो. चाळीत राहिलेल्यांना हे चटकन कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना निरोप द्यायचा असेल तर आपण ओळखीचं दार ठोठावतो, त्या दारातून तो पुढच्या ओळखीच्या दारात जातो. निरोप लिहून ठेवायला मध्ये कुठलं कार्यालय लागत नाही. फक्त कुणीतरी घरी असावं लागतं. ही शेवटची अट लक्षात ठेवा, कारण नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच येतात. तुमचा लॅपटॉप बंद आणि मित्राचा चालू असेल तर दोघांमध्ये काहीही जात नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: रात्री साडेनऊ ते साडेदहा सगळ्यांनी लॅपटॉप चालू ठेवायचा. तोवर शेवटचा माणूसही लोकलमधून उतरून घरी पोहोचलेला असतो.

मॅस्टोडॉनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१६ मध्ये सुरू झालेलं हे सोशल नेटवर्कचं चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण त्याला सर्व्हर लागतोच. एका मालकाऐवजी अनेक छोटे मालक, एवढाच फरक. आपण इथे त्याच्या एक पाऊल पुढे जातोय.

काय घेतलं, काय सोडलं

आम्ही दोनच सॉफ्टवेअर वापरतो. वाचनखुणांच्या फायलींसाठी सिंकथिंग, आणि गप्पा, चर्चा, नव्या दुव्यांसाठी रेट्रोशेअर. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींचा कोड खुला आहे, आणि दोन्हींना फोन नंबर किंवा ईमेल द्यावा लागत नाही.

स्कटलबट हे पीअर-टू-पीअर सोशल नेटवर्क सोडलं. त्याची कहाणी मला फार आवडते. न्यूझीलंडमध्ये शिडाच्या बोटीवर राहणाऱ्या डॉमिनिक टार या प्रोग्रामरने ते सुरू केलं, म्हणून कधीमधी मिळणाऱ्या इंटरनेटवरही ते चालतं. पण त्यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य सहीनिशी एका साखळीत जोडलं जातं आणि मागे घेता येत नाही. नव्या माणसाच्या हातून पहिल्या आठवड्यात काहीतरी चुकीचं जाणारच, त्यामुळे सुरुवात तिथे नको.

ब्रायरही सोडलं, पण वेगळ्या कारणाने. इंटरनेट नसताना ब्लूटूथवरून चालणारं हे अॅप आहे. मात्र मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने ज्या १४ मेसेजिंग अॅपवर बंदी घातल्याच्या बातम्या आल्या, त्यांत ब्रायरचं नाव होतं. कुणी मैत्रीण ते सुचवेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पहिली पायरी: वाचनखुणा निवडा आणि धुऊन घ्या

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सॉफ्टवेअर नंतर. आधी ब्राउझरमध्ये जमलेला ढीग उघडा. विंडोजवर क्रोम असो की फायरफॉक्स, कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबलं की वाचनखुणांची खिडकी उघडते.

ती शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचा. मी वाचली तेव्हा माझ्या यादीत बँकेचं लॉगिन पान होतं, आईच्या रक्त तपासणीच्या रिपोर्टचा दुवा होता, आणि सोसायटीच्या हिशेबाच्या ऑनलाइन शीटचा असा दुवा होता जो ज्याच्या हाती पडेल तो ती शीट बदलू शकला असता. आपली वाचनखुणांची यादी म्हणजे आपली डायरीच असते. कुठल्या आजाराबद्दल वाचतो, कुठे नोकरी शोधतो, कुठल्या वकिलाचा पत्ता पाहिला, सगळं त्यात सापडतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो हक्क पाळायची सुरुवात आपण आपल्या यादीपासून करू या.

म्हणून वाटण्यासाठी वेगळं फोल्डर करा. आमच्या फोल्डरचं नाव 'गटासाठी'. त्यात एकेक दुवा हाताने टाकायचा. अख्खी यादी उचलून त्यात ओतायची नाही.

मग प्रत्येक दुवा धुवा. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट दिसलं आणि त्यात यूटीएम (utm) किंवा एफबीसीएलआयडी (fbclid) अशी अक्षरं असली, तर ती मागोवा घेण्यासाठी चिकटवलेली असतात. तुम्ही तिथे कुठून आलात, कुठल्या जाहिरातीवरून आलात, हे त्या साइटला त्यावरून कळतं. ते शेपूट कापा आणि पान उघडतंय का पाहा. मात्र प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच फेकू नका. यूट्यूबच्या पत्त्यात 'व्ही' (v) नंतर येणारी अक्षरं म्हणजे त्या व्हिडिओची ओळख असते, ती कापली तर व्हिडिओच हरवतो. त्याच पत्त्यात शेअरचं बटण दाबल्यावर 'एसआय' (si) ने सुरू होणारा तुकडा लागतो, तो खुशाल काढा. फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत दुव्यावर उजवं क्लिक केलं की स्वच्छ दुवा कॉपी करायची सोय आहे, तिने बरंचसं काम होतं.

टिपांचं काय? क्रोमच्या वाचनखुणेला टीप जोडायची जागाच नाही. फायरफॉक्समध्ये टॅग लावता येतात, मोठी टीप लिहिता येत नाही. आम्ही एकदा पोळलो होतो, म्हणून साधा मार्ग धरला: टिपांसाठी साधी टेक्स्ट फाइल. एका दुव्याला चार ओळी. पहिलीत शीर्षक, दुसरीत पत्ता, तिसरीत तारीख, चौथीत हा दुवा का ठेवला ते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते, फोनवर उघडते आणि वीस वर्षांनीही उघडेल. देखणी नाही, पण मला तिच्याबद्दल फार माया आहे.

शेवटी त्याच खिडकीतून वाचनखुणा एचटीएमएल फाइलमध्ये एक्सपोर्ट करा. क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूत, फायरफॉक्समध्ये 'इम्पोर्ट अँड बॅकअप' खाली. एक्सपोर्ट केलं की सगळी यादीच बाहेर येते, खासगी दुव्यांसकट. यावर सोपा उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल काढायचं आणि त्यात फक्त गटाच्या वाचनखुणा ठेवायच्या.

दुसरी पायरी: सिंकथिंगने फोल्डर जोडा

सिंकथिंगचं काम एकच: तुमच्या संगणकावरचं फोल्डर आणि मित्राच्या संगणकावरचं फोल्डर सारखं ठेवणं. सिंकथिंग डॉट नेटवरून उतरवून घ्या. चालू केलं की त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. ते इंटरनेटवरचं पान नाही, तुमच्याच यंत्रावरचं आहे. सुरुवातीलाच सेटिंगमध्ये जाऊन त्या पानाला पासवर्ड लावा. घरचा लॅपटॉप चार जण वापरत असतील तर हे विसरू नका.

प्रत्येक यंत्राला एक डिव्हाइस आयडी मिळतो. सात-सात अक्षरांचे आठ गट, म्हणजे एकूण ५६ अक्षरं. 'अॅक्शन्स' मेनूतल्या 'शो आयडी' वर तो आणि त्याचा क्यूआर कोड दिसतो. समोरासमोर असाल तर कोड स्कॅन करा. लांब असाल तर आयडी पाठवा आणि मग फोन करून पहिला आणि शेवटचा गट वाचून दाखवा. आमच्या सरांना मी पहिल्यांदा आयडी पाठवला तेव्हा त्यांनी फोनवर खड्या आवाजात अक्षरं वाचली, शाळेत हजेरी घेतल्यासारखी, आणि मधेच थांबून म्हणाले, "हे शून्य आहे की ओ?" आयडीत शून्य आणि एक हे आकडे येतच नाहीत, नेमका हाच गोंधळ टाळण्यासाठी. हे सांगितल्यावर त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो. कुणीतरी वाचणाऱ्याचा विचार करून हे बनवलंय, असं ते म्हणाले.

दोन्ही बाजूंनी एकमेकांचा आयडी स्वीकारला की जोडणी होते. एकतर्फी ओळख इथे चालत नाही. मग टिपांची आणि एक्सपोर्ट केलेली फाइल ज्यात ठेवली ते फोल्डर जोडा, 'शेअरिंग' मध्ये मित्राच्या यंत्रावर खूण करा, त्याच्याकडे विचारणा जाते, तो होकार देतो आणि फायली वाहू लागतात.

फोल्डरच्या आत प्रत्येकाची फाइल वेगळी ठेवा. सुरुवातीला आम्ही सहा जणांत एकच फाइल ठेवली होती. दोघांनी एकाच रात्री ती बदलली आणि सिंकथिंगने 'सिंक कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरी प्रत करून ठेवली. कुठली खरी हे ठरवण्यात रविवार गेला. आता प्रत्येकाची फाइल ज्याच्या त्याच्या नावाने असते. दुसऱ्याची फाइल वाचायची, हात लावायचा नाही.

'फाइल व्हर्जनिंग' पहिल्या दिवशीच सुरू करा. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नाही. एकाने फाइल पुसली तर ती सगळ्यांकडून पुसली जाते. व्हर्जनिंग असेल तर दुसऱ्याने पुसलेल्या किंवा बदललेल्या फाइलची जुनी प्रत तुमच्या यंत्रावर राहते.

खासगीपणाचं खरं चित्रही पाहा. दोन यंत्रांमधला मजकूर कूटबद्ध असतो, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाही. पण यंत्रांनी एकमेकांना शोधावं म्हणून सिंकथिंगचे शोध-सर्व्हर आहेत, त्यांना तुमचा आयडी आणि आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक, कळतो. थेट जोडणी जमली नाही तर माल रिले यंत्रांतून जातो. आत काय आहे ते रिलेला दिसत नाही, कोण कुणाशी जोडलंय ते दिसतं. एकाच वायफायवर असाल तर यांतलं काहीच लागत नाही, इंटरनेट गेलं तरी दोन लॅपटॉप एकमेकांना सापडतात. जुलैत पावसाने केबल बंद पडली होती, तेव्हा घरातल्या दोन यंत्रांत आमचं काम चालूच राहिलं.

फोनवर हवं असेल तर अँड्रॉइडसाठी एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या अॅपच्या दुकानात सिंकथिंग-फोर्क आहे. मूळ अँड्रॉइड अॅपचं काम २०२४ च्या डिसेंबरात थांबलं, त्यामुळे जुन्या सूचना वाचून ते शोधत बसू नका.

तिसरी पायरी: रेट्रोशेअरवर गट बसवा

फायली जोडल्या, पण गप्पा कुठे? 'हे वाच ना, काय जबरदस्त आहे' हे कुठे म्हणायचं? त्यासाठी रेट्रोशेअर. २००६ पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर. त्यात चॅट, मेल, चर्चा-फोरम, चॅनेल आणि बोर्ड अशा खोल्या आहेत. बोर्ड म्हणजे दुवे लावायचा फळा: शीर्षक, पत्ता, टीप, हवं तर चित्र, आणि बाकीच्यांनी आवडलं-नावडलं सांगायचं. वाचनखुणा वाटण्यासाठी हीच खोली.

रेट्रोशेअर डॉट सीसीवरून उतरवून घ्या आणि इथे एक क्षण थांबा. प्रोफाइल काढताना यंत्र साधं ठेवायचं की टॉरच्या (आपला पत्ता लपवणाऱ्या जाळ्याच्या) आड, हे ठरवावं लागतं, आणि नंतर बदलायचं तर नवं नोड, म्हणजे जाळ्यातली तुमच्या यंत्राची नवी जागा, काढावं लागतं. साध्या प्रकारात तुमचा आयपी पत्ता तुमच्या मित्रांना दिसतो, आणि शोधाची सोय चालू असेल तर मित्रांच्या मित्रांनाही कळू शकतो. टॉर प्रकारात तो लपतो, पण वेग कमी होतो. विंडोजसाठी टॉर आत असलेलं वेगळं पॅकेज मिळतं. आम्ही सहाही जणांनी टॉर प्रकार घेतला. ज्या ताईंना नंबर बदलावा लागला होता त्यांच्या समाधानासाठी हा निर्णय झाला, पण त्याचा दुसराही फायदा निघाला. मुंबईत पुष्कळ घरांत केबलवाल्याचं इंटरनेट असतं किंवा मोबाइलचं हॉटस्पॉट, आणि तिथे अनेक ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसलेले असतात. अशा घराचं दार बाहेरून ठोठावताच येत नाही. साध्या प्रकारात दोघांपैकी निदान एकाचं दार बाहेरून उघडं असावं लागतं, नाहीतर दोघं तासन् तास एकमेकांना शोधत बसतात. टॉरमध्ये ही अडचण येत नाही. मात्र गट सगळाच्या सगळा एका प्रकारात ठेवा. मिसळ केली की साध्या यंत्रालाही टॉर जोडून द्यावं लागतं.

प्रोफाइल काढताना नाव, नोडचं नाव आणि पासवर्ड विचारतात. मग माउस इकडेतिकडे फिरवायला सांगतात. गंमत वाटेल, पण तुमच्या हाताच्या वेड्यावाकड्या हालचालींतून यंत्र यादृच्छिक आकडे गोळा करतं आणि त्यांतून तुमची किल्ली घडते. ही किल्ली म्हणजेच तुमची ओळख. पासवर्ड विसरलात तर 'फरगॉट पासवर्ड' नावाचं बटण नाही, कारण तुमच्याऐवजी तो लक्षात ठेवणारं दुसरं कुणी नाही. पासवर्ड कागदावर लिहा आणि कागद कपाटात, रेशनकार्डाशेजारी ठेवा. प्रोफाइल मॅनेजरमधून किल्लीची फाइल एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा. माझा बहिणीकडे डोंबिवलीला आहे.

मित्र जोडायला पहिल्या पानावर तुमचा रेट्रोशेअर आयडी दिसतो. तो कॉपी करून मित्राला द्या, त्याचा घ्या, दोघांनीही 'अॅड फ्रेंड' मध्ये चिकटवा. एकानेच चिकटवला तर काहीच होत नाही. पहिल्या दिवशी आमच्या बँकवाल्याचा आयडी यंत्र घेईना. तासभर वैतागल्यावर कळलं की फोनवरून पाठवताना शेवटची आठ-दहा अक्षरं गळली होती. तेव्हापासून आम्ही आयडी टेक्स्ट फाइलमध्ये घालून पाठवतो. साध्या प्रकारच्या आयडीत तुमचा आयपी पत्ताही असू शकतो, म्हणून तो जाहीर ठिकाणी चिकटवू नका. जोडल्यावर फिंगरप्रिंट, म्हणजे ४० अक्षरांची ओळखखूण, फोनवर वाचून जुळवा. आवाज ओळखीचा असणं, ही या सगळ्या तंत्रातली सगळ्यात जुनी आणि पक्की तपासणी आहे.

मित्र कोणाला करायचं? ज्याच्या घरी तुम्ही न सांगता जाऊ शकता, अशांनाच. इथे मित्रांची संख्या मिरवायची नसते. प्रत्येक मित्र म्हणजे तुमच्या घराला जोडलेलं एक दार. पण अगदी दोघांवरही थांबू नका. चार जण एकमेकांना जोडलेले असले की एक झोपला तरी निरोप उरलेल्यांकडून फिरतो.

आता बोर्ड काढा. त्याआधी 'पीपल' मध्ये जाऊन वर्तुळ, म्हणजे सर्कल, बनवा आणि सगळ्यांना त्यात बोलवा. प्रत्येकाने ते बोलावणं आपल्या बाजूने स्वीकारायचं असतं. मग बोर्ड काढताना तो कुणाला दिसावा या जागी तेच वर्तुळ निवडा. नाहीतर बोर्ड सार्वजनिक होतो आणि मित्राच्या मित्राच्या मित्रापर्यंत पोहोचतो. बाकीच्यांना बोर्ड यादीत दिसला की त्यांनी 'सबस्क्राइब' करायचं. हे विसरलं की तक्रार येते: "मला काहीच दिसत नाही." सबस्क्राइब केल्याशिवाय त्या यंत्रात पोस्ट येत नाहीत आणि त्याच्यामार्फत पुढेही जात नाहीत.

जुन्या पोस्ट किती काळ ठेवायच्या हे प्रत्येक बोर्डासाठी ठरवता येतं. ही मर्यादा एकदा पाहून घ्या, कारण ती ओलांडली की पोस्ट तुमच्या यंत्रावरून जातात. म्हणून बोर्ड हा गप्पांचा कट्टा समजा. कायमची नोंद सिंकथिंगमधल्या टेक्स्ट फाइलमध्येच ठेवा. बोर्डावर आवडलेला दुवा आम्ही रविवारी त्या फाइलमध्ये उतरवतो.

फायली वाटायची सोयही रेट्रोशेअरमध्ये आहे, पण सुरुवातीला तिथे जपून. शेअर केलेल्या फोल्डरांची यादी उघडा आणि नको ते काढून टाका. माझ्या यादीत डाउनलोडचं फोल्डर मी न टाकताच दिसलं होतं, आणि त्यात लाइट बिलापासून सगळं होतं. सिनेमे आणि नवी पुस्तकं तर इथे आणूच नका. कॉपीराइटचा कायदा इथेही तोच आहे, आणि लेखकाच्या पोटावर पाय देऊन वाचनगट चालवायचा नाही.

कुणी गट सोडला तर

त्यांना मित्रयादीतून काढा, वर्तुळातून काढा, सिंकथिंगमधून त्यांचं यंत्र काढा. पुढचं काही त्यांच्याकडे जाणार नाही. आधी गेलेलं मात्र त्यांच्या यंत्रावर राहतं आणि ते ओढून परत आणता येत नाही. पोस्ट टाकण्याआधी तेवढा विचार करायची सवय आपोआप लागते. आमच्यातून एक जण पुण्याला गेला तेव्हा आम्ही त्याला काढलं नाही, लॅपटॉप रात्री साडेनऊला तिकडेही चालू होतो.

नवा माणूस घ्यायचा तर आधी महिनाभर समोरासमोर भेटा, दादरला ग्रंथसंग्रहालयात असो की कुणाच्या घरी. मग त्याचं सगळं एका बैठकीत बसवून द्या. त्याला एकट्याला सूचना पाठवून सोडू नका. दोन तास लागतात, चहा दोनदा होतो.

मागच्या दिवाळीत काकांची मुलगी त्यांची डायरी घेऊन आली. वेबसेवेवर टाकण्याआधी ते टिपा डायरीत लिहून काढायचे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. निळ्या शाईत, दुव्यासकट, शेपटासकट. त्यातल्या एक्केचाळीस टिपा लागल्या. आम्ही त्या वाटून घेतल्या, टंकल्या, पत्ते धुतले, आणि त्यांच्या नावाची सातवी फाइल फोल्डरमध्ये टाकली. त्या रात्री साडेनऊला ती सहाही घरांत पोहोचली.